पीट डाय : डिझायनर की पेपर सेटर?

आपल्या कॉलेजात एक समज सिमेंटसारखा पक्का बसला आहे. जो पेपर बहुतेकांना सुटत नाही तो ‘स्टँडर्ड’, आणि जो सगळ्यांना सुटतो तो ‘फालतू’. निकालाच्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात शिव्या घालणारी पोरंच दोन वर्षांनी ज्युनियर्सना छाती फुगवून सांगतात, “आमच्या वेळचा एम-थ्री बघायला पाहिजे होतास!” म्हणजे त्रास झाला की वस्तू आपोआप थोर! हा समज कितपत खरा, हे तपासायला मी एक जरा लांबचं उदाहरण घेतलं आहे. इतकं लांबचं, की आपल्यातल्या बहुतेकांनी ते टीव्हीवर नाहीतर कॉम्प्युटर गेममध्येच पाहिलं असेल. अमेरिकेचा गोल्फ कोर्स डिझायनर पीट डाय.

‘गोल्फ कोर्सलासुद्धा डिझायनर लागतो?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडी पूर्वतयारी. क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही जा, २२ यार्डांचीच. टेनिसचं कोर्टही ठरलेल्या मापाचं. गोल्फचं तसं नाही. अठरा होल असतात, पण प्रत्येकाची लांबी, वळण, उतार, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, पाणी, झाडं हे सगळं जमिनीप्रमाणे आणि डिझायनरच्या डोक्याप्रमाणे बदलतं. जिथून पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी, मधली कापलेल्या गवताची वाट म्हणजे फेअरवे आणि शेवटी जिथे चेंडू भोकात घालायचा तो गुळगुळीत भाग म्हणजे ग्रीन. चांगल्या खेळाडूला एखादा होल किती फटक्यांत जमावा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. बाकी चेंबूरला किंवा येरवड्याला कुंपणाबाहेरून जेवढं दिसतं, तेवढं ज्ञान या लेखापुरतं पुरेसं आहे.

म्हणजे या खेळात मैदान हाच प्रश्नपत्रिकेचा कागद. डिझायनर प्रश्न विचारतो, खेळाडू फटक्याने उत्तर देतो. आणि कठीण प्रश्न विचारण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीट डायइतकं नाव (आणि शिव्या) कुणी मिळवल्या नसतील.

विमा एजंट ते डिझायनर

डाय १९२५ साली ओहायो राज्यात जन्मला आणि जानेवारी २०२० मध्ये गेला. इंजिनिअरिंगची डिग्री नाही. इंडियानापोलिसला तो विमा विकायचा, आणि चांगला विकायचा. हौशी गोल्फर म्हणूनही तो पक्का होता. १९५७ च्या यूएस ओपनमध्ये खेळला होता. त्याची बायको अ‍ॅलिस हीसुद्धा अव्वल दर्जाची खेळाडू. दोघांनी विम्याचा धंदा सोडून कोर्स बांधायला घेतले. १९६३ मध्ये दोघं स्कॉटलंडला गेले आणि तिथले जुने समुद्रकाठचे कोर्स बघून आले. छोट्या ग्रीन्स, खोल बंकर, बंकरची भिंत ढासळू नये म्हणून लावलेले रेल्वेचे लाकडी स्लीपर, हे सगळं त्यांनी डोक्यात भरून आणलं. पुढे स्लीपरची रिटेनिंग वॉल म्हणजे डायची सहीच झाली.

त्याची काम करायची पद्धत ऐकली तर आपले ड्रॉइंगचे सर चक्कर येऊन पडतील. सविस्तर नकाशे काढून कंत्राटदाराच्या हाती द्यायचे, हा प्रकार त्याला फारसा मान्य नव्हता. तो साइटवरच असायचा. चालायचा, बघायचा, बुलडोझरवाल्याला हातवारे करून सांगायचा, प्रसंगी स्वतःच मशिनवर चढायचा. काल केलेलं आज मोडायला त्याला काही वाटत नसे. यातून चांगलंही निघालं आणि खर्चिकही. दोन्हीकडे आता नीट बघू.

जमेची बाजू

पहिलं उदाहरण साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावरचं हार्बर टाउन, १९६९ सालचं. तरुण जॅक निक्लॉस या कामात डायबरोबर होता. त्या काळात अमेरिकेत रॉबर्ट ट्रेंट जोन्सच्या धर्तीचे कोर्स जोरात होते. लांबच लांब होल, प्रचंड ग्रीन्स, ऐसपैस बंकर. जो ताकदीने मारेल तो जिंकेल. डायने बरोबर उलटं केलं. जमीन सपाट, सखल आणि झाडांनी भरलेली. त्याने कोर्स तुलनेने आखूड ठेवला, ग्रीन्स छोट्या केल्या आणि झाडं अशी राखली, की फेअरवेवर चेंडू ठेवला तरी तो चुकीच्या बाजूला असेल तर ग्रीनकडे जायला वाट मिळू नये. त्याच वर्षी तिथे पहिली मोठी स्पर्धा झाली. अर्नोल्ड पामर जिंकला, आणि चार दिवसांचा त्याचा एकूण स्कोअर पारपेक्षा फक्त एकने कमी होता. म्हणजे लांबी न वाढवता, डोंगर न उभारता डायने जगातल्या उत्तम खेळाडूंना विचार करायला लावलं. माझ्या मते उत्तम डिझाइनची ही पहिली खूण. मटेरियल वाढवलं नाही, जागा बदलल्या.

दुसरं उदाहरण सिव्हिलवाल्यांनी लक्ष देऊन वाचावं. फ्लोरिडातलं टीपीसी सॉग्रास, १९८० साली उघडलेलं. अमेरिकेच्या व्यावसायिक टूरचे कमिशनर डीन बीमन यांना टूरचा स्वतःचा कोर्स हवा होता. त्यासाठी ४१५ एकर जमीन चक्क एका डॉलरला मिळाली. एका डॉलरला का मिळाली हे साइट बघितल्यावर कळलं असणार, कारण ती दलदल होती! चढ नाही, उतार नाही, पाणी जायला वाट नाही. शिवाय बीमनची अट अशी, की हजारो प्रेक्षकांना खेळ नीट दिसला पाहिजे. डायने तळी खणली आणि खणलेल्या मातीचे फेअरवे उंच केले. उरलेल्या मातीचे ग्रीन्सभोवती गवताचे उतार केले, म्हणजे नैसर्गिक स्टेडियम. तळ्यांमुळे पाण्याचा निचरा, भरावामुळे कोरडी जमीन, उतारामुळे प्रेक्षागृह, आणि तीच तळी खेळाडूला धाक दाखवायला! एका कट अँड फिलमध्ये चार कामं. आपल्याकडे सर्व्हेच्या जर्नलमध्ये ‘अर्थवर्क बॅलन्स’ म्हणून आपण जे निर्विकारपणे उतरवून काढतो, त्याचं इतकं जिवंत उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

तिथला सतरावा होल तर गोल्फ न खेळणाऱ्यांनाही माहीत असतो. लांबी साधारण १३७ यार्ड, मध्ये पाणी, आणि पाण्याच्या मधोमध जेमतेम चार हजार चौरस फुटांची ग्रीन. ती मुळात तशी ठरलेली नव्हती. त्या जागी चांगली वाळू लागली. उरलेल्या कोर्सला ती हवीच होती, म्हणून खणत गेले, खणत गेले आणि शेवटी मोठा खड्डाच उरला. आता होल बसवायचा कुठे? अ‍ॅलिस म्हणाली, पाणी सगळीकडूनच येऊ द्या, ग्रीनचं बेट करा. जगातला सर्वात प्रसिद्ध होल हा असा बॉरो पिटमधून जन्मला.

सॉग्रासची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे एकाच प्रकारचा खेळाडू जिंकत नाही. टायगर वुड्स २००१ आणि २०१३ मध्ये जिंकला. पण २००५ मध्ये तिथेच ४८ वर्षांचा फ्रेड फंक जिंकला, ज्याचा फटका टूरवर आखूड म्हणूनच ओळखला जायचा. ज्या पेपरात फक्त पाठांतरवाला किंवा फक्त गणितवाला पहिला येत नाही, तो पेपर नीट काढलेला असतो. अठराव्या होलला डावीकडे पूर्ण लांबीभर पाणी आहे. पाण्याच्या जितकं जवळ माराल तितका पुढचा फटका सोपा. घाबरून उजवीकडे गेलात तर पाणी टळेल, पण पुढचं काम अवघड. जोखीम किती घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. गुणही त्या प्रमाणात.

तिसरी जमेची बाजू टीव्हीवर दिसत नाही, कारण ती जमिनीखाली असते. पाण्याचा निचरा हा डायचा खरा अभ्यासाचा विषय होता. फ्लोरिडात ओल्ड मार्श नावाचा कोर्स त्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी केला. तिथे कोर्सवरचं खतं-औषधांचं पाणी शेजारच्या पाणथळ जागेत न जाता आतच गोळा होऊन पुन्हा वापरलं जावं अशी रचना केली. आणि आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण म्हणजे इंडियानातलं पर्ड्यू विद्यापीठ. तिथला कॅम्पेन कोर्स डायने नव्याने बांधला, तो १९९८ मध्ये खुला झाला. कोर्सवरून आणि आजूबाजूच्या डांबरी भागावरून वाहून येणारं पाणी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळीतून नेलं. ते पाणी आत येताना कसं असतं आणि बाहेर जाताना कसं, याचा अभ्यास तिथल्याच संशोधकांनी केला. म्हणजे खेळाचं मैदान आणि एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा एकाच जागी. आपल्या ग्राउंडवर पावसाळ्यात साचणाऱ्या तळ्याकडे बघताना मला हे हमखास आठवतं.

उधारीची बाजू

आता दुसरं पान. सॉग्रासवर १९८२ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली तेव्हा खेळाडूंनी अक्षरशः बोंब ठोकली. ग्रीन्सना इतके उंचवटे, की चांगला मारलेला चेंडूही घसरून बाहेर. निक्लॉस म्हणाला होता, की गाडीच्या बॉनेटवर चेंडू थांबवायची कला काही मला अवगत नाही. बेन क्रेनशॉने तर हा कोर्स ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाने डिझाइन केल्यासारखा वाटतो, असं म्हटलं. (स्पर्धा जिंकलेल्या जेरी पेटने बीमन आणि डाय दोघांनाही तळ्यात ढकललं आणि मागून स्वतः उडी मारली, तो भाग वेगळा!) पुढच्या काही वर्षांत त्या ग्रीन्स बऱ्याच सौम्य कराव्या लागल्या. २००६ मध्ये तर सगळा कोर्स उकरून, खाली वाळूचा थर देऊन निचरा सुधारला. डाय ऐकत असे, दुरुस्त करत असे, हे मान्यच. पण जगातले सर्वोत्तम खेळाडू पहिल्याच परीक्षेत नशिबाला दोष देऊ लागले, तर परीक्षक कुठेतरी चुकला हेही मान्य करायला हवं. कौशल्य आणि नशीब यांतला फरक पेपरात दिसला पाहिजे.

सतराव्या होलबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. त्याला स्टेप मार्क्स नाहीत! अठराव्या होलवर थोडं चुकलात तर थोडं नुकसान, जास्त चुकलात तर जास्त. सतराव्यावर उत्तर बरोबर किंवा शून्य. सुरक्षित वाट नाही, आखूड मारून दोन फटक्यांत पोहोचण्याची सोय नाही. २००५ मध्ये बॉब ट्वे या व्यावसायिक खेळाडूने तिथे १२ फटके घेतले. २००७ मध्ये वाऱ्याच्या एका दिवसात ५० चेंडू पाण्यात गेले, तेही जगातल्या निवडक खेळाडूंचे. बाकीचं वर्ष हौशी लोक पैसे मोजून तिथे खेळतात, आणि दरवर्षी लाखभर चेंडू त्या तळ्यात जातात असं सांगितलं जातं. तमाशा म्हणून तो होल नंबर एक. टीव्हीसमोरून उठवत नाही. पण डिझाइन म्हणून अठरावा त्याच्यापेक्षा सरस, या मतावर मी ठाम आहे.

इथेच स्कॉटलंडचा मुद्दा येतो. तिथल्या जुन्या कोर्सवर खोल बंकर आहेत, वारा आहे, पण बऱ्याच ठिकाणी चेंडू जमिनीवरून लोळवत न्यायचीही वाट असते. म्हातारा माणूस, लहान मुलगी, नवशिका, सगळे आपापल्या चालीने शेवटपर्यंत पोहोचतात. डायने तिथून कडकपणा उचलला, मोकळेपणा मात्र पुष्कळदा तिथेच राहिला. त्याच्या गाजलेल्या होलवर मध्ये पाणी किंवा वाळू आली, की चेंडू हवेतूनच न्यायला लागतो. ज्याला हवेतून तेवढा मारता येत नाही, त्याच्यासाठी उत्तरपत्रिकेत जागाच नाही.

कॅलिफोर्नियातल्या पीजीए वेस्टच्या स्टेडियम कोर्सवर (१९८६) हे टोकाला गेलं. सोळाव्या होलच्या ग्रीनशेजारी जवळपास वीस फूट खोल बंकर! १९८७ च्या स्पर्धेत हौशी पाहुणा म्हणून खेळणारे अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती टिप ओ’नील त्या खड्ड्यात अडकले. बरेच फटके वाया गेल्यावर त्यांनी चेंडू हाताने उचलून बाहेर फेकला, आणि हे सगळं टीव्हीवर! व्यावसायिकांनीही तक्रार केली आणि तो कोर्स स्पर्धेतून गेला, तो थेट २०१६ मध्ये परत आला. लोक हसले, कोर्सची जाहिरात झाली. पण दोन मजली खड्ड्यातून चेंडू काढणं हे कौशल्य मोजतं की फजिती, हा प्रश्न उरतोच.

पुनरावृत्ती ही आणखी एक कमजोरी. सॉग्रासला सतरावा बेटावरचा आणि अठराव्याच्या डावीकडे पाणी. पीजीए वेस्टलाही सतरावा बेटावरचा आणि अठराव्याच्या डावीकडे पाणी. कियावाच्या ओशन कोर्सला सतरावा पाण्यावरून. विस्कॉन्सिनच्या व्हिसलिंग स्ट्रेट्सला सतराव्याच्या डावीकडे तळं. टीव्हीवर शेवटचा अर्धा तास रंगतो हे खरं, पण एकच प्रश्न आकडे बदलून दर वर्षी यायला लागला की विद्यार्थी मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवूनच पास होतात.

व्हिसलिंग स्ट्रेट्स (१९९८) हे तर वेगळंच प्रकरण. लेक मिशिगनच्या काठची ही जागा पूर्वी लष्कराकडे होती आणि जवळजवळ सपाट होती. मालक हर्ब कोहलर यांना आयर्लंडसारखा कोर्स हवा होता. डायने हजारो ट्रक वाळू आणून टेकड्या उभ्या केल्या. आज फोटो बघून ते निसर्गनिर्मित नाही यावर विश्वास बसत नाही, इतकं काम हुबेहूब झालं आहे. पण बंकर किती? २०१० मध्ये एका गोल्फ मासिकाच्या लेखकाने मोजले, ते ९६७ भरले. त्यातल्या शेकडो बंकरमध्ये कुणाचा चेंडू जायचं कारणच नाही. ती निव्वळ सजावट. आणि सजावटीनेच घात केला. त्याच वर्षीच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू प्रेक्षकांनी तुडवलेल्या एका वाळूच्या तुकड्यात गेला. हा बंकर आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही आणि त्याने काठी जमिनीला टेकवली. दोन फटक्यांचा दंड झाला, प्लेऑफची संधी गेली आणि मार्टिन कायमर जिंकला. नियम स्पर्धेआधीच लावलेला होता, त्यामुळे दंड योग्यच. (फिजीचा भारतीय वंशाचा विजय सिंग याच कोर्सवर २००४ मध्ये त्याच स्पर्धेत जिंकला होता, हे जाता जाता.) पण वापरणाऱ्याला ‘हे नक्की काय आहे’ हेच कळू नये, याला मी डिझायनरचा दोष मानतो. मेकॅनिकलवाल्यांनी एखादं मशिन असं बनवलं, की हँडल कुठलं आणि शोभेची दांडी कुठली ते ऑपरेटरला कळत नाही, तर आपण ऑपरेटरला नापास करू का?

शिवाय मेंटेनन्स. उभे उतार, कडेला तुटलेले बंकर, पाण्याला लागून लाकडी भिंती. हे सगळं रोज हाताने सांभाळावं लागतं, लाकूड सडतं, वाळू वाहते. खर्च शेवटी खेळणाऱ्याच्या खिशातून जातो. सॉग्रासनंतर जगभर बेटांची साथ आली. बेटावरची ग्रीन डायच्या आधीही होती, सॉग्रासच्याच गावात पाँटे व्हेद्राला एक जुनी आहेच. पण आता ती फॅशन झाली. डायने दलदलीत बेट केलं, कारण तिथे खड्डा होता आणि पाणी होतं. कोरड्या मुलखात मुद्दाम तळं खणून, ते विकतच्या पाण्याने भरून केलेलं बेट म्हणजे उत्तर कॉपी करताना प्रश्नच न वाचण्याचा प्रकार. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझा निकाल

मग डाय मोठा की छोटा? माझ्या मते मोठाच. पण ज्या कामांसाठी तो गाजला, त्यांच्यासाठी नव्हे. माझ्या यादीत पहिला नंबर डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ‘टीथ ऑफ द डॉग’चा, म्हणजे ‘कुत्र्याचे दात’. १९७१ सालचा कोर्स. ला रोमाना या साखरेच्या गावाजवळ, कॅरिबियन समुद्राला लागून. किनाऱ्यावरच्या अणकुचीदार प्रवाळी खडकाला तिथले लोक हेच नाव देतात. इथे बुलडोझरपेक्षा माणसं जास्त होती. सुमारे तीनशे मजुरांनी घण, पहार, छिन्नीने खडक फोडला, माती बैलगाड्यांनी वाहिली. सात होल थेट समुद्रावर आहेत, आणि डाय म्हणायचा की मी अकराच बांधले, ते सात देवाने बांधले. विनय बाजूला ठेवला तरी वाक्यात तथ्य आहे. यंत्र आणि पैसा कमी असल्यामुळे डायला जमिनीचं ऐकावं लागलं. हार्बर टाउनलाही तेच. हात आखडता होता तेव्हा त्याची अक्कल जास्त चालली, आणि तिजोरी उघडी मिळाली तेव्हा ९६७ बंकर झाले.

मधल्या जागेवर मी ओशन कोर्सला बसवतो. १९९१ च्या रायडर कपसाठी घाईघाईत बांधायला घेतलेला, आणि काम चालू असतानाच सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने झोडपलेला. तिथे वाऱ्याला ठरलेली दिशा नाही, त्यामुळे आज सोपा वाटलेला होल उद्या डोंगराएवढा होतो. त्या रायडर कपात मार्क कॅल्कावेकिया शेवटचे चार होल बाकी असताना चारने पुढे होता. सतराव्यावर त्याचा चेंडू पाण्यात गेला आणि शेवटी सामना बरोबरीत सुटला. पण त्याच कोर्सवर २०२१ मध्ये फिल मिकेल्सन ५० व्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकून मेजर जिंकणारा सर्वात वयस्कर खेळाडू ठरला. कठीण, पण अनुभवाला दाद देणारा पेपर!

आता ज्या नावाशिवाय हा हिशोब पुरा होत नाही, ते अ‍ॅलिस डाय. ओशन कोर्सचे फेअरवे उंच करा म्हणजे खेळताना समुद्र दिसेल, ही सूचना तिची. सतराव्याचं बेट तिचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकांसाठी पुढच्या टी असाव्यात, त्याही एक नव्हे, कमी-जास्त ताकदीप्रमाणे दोन, हा आग्रह तिने वर्षानुवर्षं धरला. अमेरिकन गोल्फ कोर्स आर्किटेक्ट्सच्या संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष. पीट प्रश्न अवघड करायचा आणि अ‍ॅलिस विचारायची, हे सोडवणार कोण? प्रश्न तोच, पण सुरुवातीची जागा ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे. काठिण्य कमी न करता दार मोठं करण्याचा यापेक्षा साधा उपाय मला माहीत नाही. नाव मात्र बहुतेक ठिकाणी पीटचंच मोठं छापलं जातं.

आणि गंमत बघा. डायच्या हाताखाली तयार झालेली पोरं त्याच्या उलट दिशेला गेली. बिल कूरने, आधी सॉग्रासची टिंगल करणाऱ्या त्याच बेन क्रेनशॉबरोबर, नेब्रास्कात सँड हिल्स (१९९५) केला, फार थोडी माती हलवून. टॉम डोकने ओरेगॉनमध्ये पॅसिफिक ड्यून्स (२००१) केला, जमीन आहे तशी वापरून. दोघंही डायकडून शिकले ते स्लीपर आणि बेटं नव्हेत, तर साइटवर चिखलात उभं राहून काम करणं. गुरूची पद्धत उचलली, स्टाइल सोडून दिली. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. सिनियरचा रिपोर्ट उचलतो, त्याची मेहनत सोडतो.

म्हणून सुरुवातीच्या समजाबद्दल माझं मत असं. कठीण असणं हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. कठीणपणा कशातून आला ते बघायचं. विचार करायला लावून आला, तर हार्बर टाउन. खड्डा वीस फूट खोल करून आला, तर टिप ओ’नील. पेपर काढणाऱ्या आमच्या सरांनी आणि मॅडमनी यातलं काय घ्यायचं ते घ्यावं (केटीवाल्यांच्या वतीने नम्र विनंती!), पण उपदेश फक्त त्यांनाच नको. आपण पोरंही लास्ट इयरच्या प्रोजेक्टमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सच बांधतो. सेन्सर जास्त, वायर जास्त, स्लाइड जास्त. एक्स्टर्नल खूश झाले की मॉडेल कपाटावर.

माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक जादा पान सक्तीचं करावं. हे कोण वापरणार, त्यातला सगळ्यात कमी ताकदीचा माणूस कोण, त्याच्यासाठी पुढची टी कुठे आहे, आणि पाच वर्षांनी हे सांभाळायचं कुणी व किती पैशांत, एवढंच त्या पानावर लिहायचं. सर्किट कुणाकडूनही कॉपी करता येतं. हे पान प्रत्येकाला स्वतःलाच लिहावं लागेल, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न त्याच पानावर यावा.